सरबत्ती : एका लष्करी शब्दाचा अर्थ व इतिहास

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणी, सनदा, बखरी आणि पत्रव्यवहार ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ही साधने मोलाची आहेत यात शंका नाही. परंतु ती सर्वांच्या घरी नसतात, आणि असली तरी वाळवी, पावसाळा व अनास्था यांच्या तडाख्यातून फारच थोडी वाचतात. एक साधन मात्र गरीब-श्रीमंत, शिकलेला-अडाणी अशा प्रत्येकाच्या घरी आजही शाबूत आहे. ते म्हणजे आपली बोली. आपण रोज सहज उच्चारतो त्या शब्दांत आपल्या पूर्वजांचे व्यवसाय, त्यांची भीती, त्यांचे विजय आणि त्यांचे हाल साठून राहिलेले असतात. आवश्यकता असते ती थोडे थांबून त्यांच्याकडे पाहण्याची.

अशा शब्दांपैकी ‘सरबत्ती’ हा एक शब्द प्रस्तुत लेखासाठी घेतला आहे. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की विरोधकांनी मंत्र्यांवर ‘प्रश्नांची सरबत्ती’ केल्याचे वृत्तपत्रांत छापून येते. त्याचा भाऊबंद ‘भडिमार’ हाही तसाच. टीकेचा भडिमार होतो, जाहिरातींचा भडिमार होतो, शिव्यांचाही होतो. या वाक्यांत दारूचा धूर कोठेच नसतो. तरीही हे दोन्ही शब्द रणांगणावरून आपल्या घरात आलेले आहेत, आणि त्यांच्यासोबत ‘मारगिरी’ हा तिसरा शब्दही आलेला होता. तो मात्र आज इतिहासाच्या पुस्तकांपुरता उरला आहे.

हा विषय आपल्या स्मरणिकेसाठी निवडण्याचे कारण केवळ शब्दांची गोडी एवढेच नाही. आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत अलीकडे तयार होत आहेत, आणि ही गोष्ट अभिनंदनीय आहे. त्यांत लढाया, वेढे व तोफा यांचे उल्लेख येणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक नसला, तर न केलेल्या पराक्रमाचे श्रेय पूर्वजांच्या पदरात पडते, आणि त्यांनी जे काम खरोखर केले ते झाकले जाते. पहिल्याने खोटा अभिमान वाढतो व दुसऱ्याने खरा अभिमान मरतो. म्हणून या शब्दाचा विचार जरा विस्ताराने करू.

तीन शब्द, तीन अर्थ

तोफांच्या माऱ्यासाठी मराठीत जे शब्द रूढ झाले ते सर्व एकाच अर्थाचे नाहीत. ‘मारगिरी’ म्हणजे एखाद्या स्थळावर, बहुधा किल्ल्यावर किंवा मोर्चावर, चालू ठेवलेला मारा. ‘मार’ हा शब्द आपला. ‘गिरी’ हा प्रत्यय मुलूखगिरी, शिपाईगिरी या शब्दांत दिसतो तो. मारगिरी दिवसभर चालते, प्रसंगी कित्येक दिवस चालते. त्यात घाई नसते. भिंत ढासळेपर्यंत किंवा आतील माणसांचा धीर सुटेपर्यंत ती सुरू ठेवावयाची असते.

‘भडिमार’ हा शब्द कानावरून झालेला आहे. भडभड असा जो एकात एक मिसळलेला आवाज होतो, तो त्यात ऐकू येतो. येथे मुख्य गोष्ट आहे ती दाटीची. म्हणूनच भडिमार तोफांचाच असला पाहिजे असे नाही. बाणांचा, दगडगोट्यांचा, बंदुकांच्या गोळ्यांचाही भडिमार होतो.

‘सरबत्ती’त मात्र ‘बत्ती’ आहे. तोफ उडविण्यासाठी तिच्या कानाशी जो विस्तव न्यावयाचा, ती ही बत्ती. अनेक तोफांना किंवा बंदुकांना ओळीने, खंड पडू न देता बत्ती देणे, ही सरबत्ती. मारगिरी या शब्दात गोळा जेथे पडतो तिकडे दृष्टी आहे. भडिमारात आवाजाकडे कान आहे. आणि सरबत्तीत बत्ती धरणाऱ्या हाताकडे लक्ष आहे. एकाच घटनेकडे तीन बाजूंनी पाहणारे हे तीन शब्द आपल्या भाषेत एकत्र नांदले, ही भाषेची श्रीमंतीच होय.

या शब्दांच्या आसपासची नातलग मंडळीही पाहण्यासारखी आहेत. ‘तोफ’ हा शब्द मुळात तुर्की. ‘गोलंदाज’ फारसी, गोळा फेकणारा तो गोलंदाज, जसा तीर फेकणारा तो तीरंदाज आणि बंदुकीची वीज फेकणारा तो बरकंदाज. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले. ‘फैर’ हा शब्द इंग्रजी ‘फायर’चे मराठी रूप आहे. तोफेची विद्या आपल्याकडे कोणकोणत्या दारांनी आली, याची ही यादीच म्हणावयाची. परंतु उखळासारखी आखूड व रुंद तोंडाची, गोळा उंच उडवून भिंतीपलीकडे टाकणारी तोफ आली, तेव्हा मराठी माणसाने तिच्यासाठी परका शब्द शोधला नाही. त्याने स्वयंपाकघरात पाहिले आणि तिला ‘उखळी तोफ’ म्हटले. पोटात दारू भरून तोंड बंद केलेल्या, पडल्यावर फुटणाऱ्या गोळ्याला त्याने ‘कुलपी गोळा’ हे नाव दिले. उंटावरची ती सुतरनाळ व हत्तीवरची ती गजनाळ. ज्याने ही नावे ठेविली तो पंडित नसेल, पण त्याची नजर स्वच्छ होती.

सरबत्ती कशी होत असे

सरबत्ती या शब्दाचे मर्म समजण्यास जुनी तोफ कशी उडत असे हे जाणून घेतले पाहिजे. आजच्या तोफेप्रमाणे तिला मागून गोळा घालता येत नसे. प्रत्येक वेळी सर्व काम तोंडाच्या बाजूने करावे लागे. प्रथम लांब काठीला बांधलेल्या ओल्या बोळ्याने नळी आतून पुसावयाची. कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत राहिली असेल, तर नवी दारू भरताच ती भरणाऱ्याच्या हातावरच पेटावयाची. नंतर दारू, तिच्यावर बोळा, मग गोळा, आणि हे सर्व गजाने ठासून बसवावयाचे. मागील बाजूस तोफेचा कान असे. म्हणजे आतील दारूपर्यंत जाणारे बारीक छिद्र. त्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, घालावयाची. नेम धरावयाचा. मग बत्ती. बार होताच गाडा धक्क्याने मागे सरकावयाचा. तो माणसांनी पुन्हा पुढे ढकलून जागेवर आणावयाचा, आणि पुन्हा ओला बोळा. ही दारूही तीन जिनसांची, सोरा, गंधक व कोळसा. त्यांत सोऱ्याचा भाग सर्वांत मोठा, सुमारे तीन-चतुर्थांश. ती भिजली की निकामी, आणि ठिणगी लागली की प्राणघातक.

यावरून ध्यानात येईल की एकटी तोफ सतत मारा करूच शकत नाही. एक बार झाल्यावर ती काही काळ मुकी असते, आणि शत्रूचा घोडेस्वार त्या मुकेपणाचीच वाट पाहत असतो. यावर उपाय एकच. तोफा ओळीने मांडावयाच्या आणि क्रमाने बत्ती द्यावयाची. शेवटची तोफ उडेपर्यंत पहिली पुन्हा भरून तयार झाली पाहिजे. असे साधले तर मारा अखंड राहतो. म्हणून सरबत्ती हा शब्द जितका आवाजाचा आहे तितकाच शिस्तीचा आहे. त्यात एक माणूस चुकला, तर ओळ तुटते.

आणि ही माणसे किती! तोफ ओतणारा ओतारी, गाडा करणारा सुतार, धावा चढविणारा लोहार, गाडा ओढणाऱ्या बैलांच्या जोड्या व त्यांचे गाडीवान, घाटात वाट करून देणारे बेलदार, ओझी वाहणारे व तोफा हलविणारे खलाशी, दारूखान्याचा हिशेब ठेवणारा कारकून, आणि या सर्वांच्या शेवटी बत्ती धरणारा गोलंदाज. पेशवाईत तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे होती. पुरंदर तालुक्यात सोनोरीजवळ या घराण्याने १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधलेला मल्हारगड आजही उभा आहे. सरदाराचे नाव किल्ल्याने राखले. गाडीवानाचे नाव राखण्यास किल्ला नव्हता. त्याचे जे काही स्मरण उरले, ते हिशेबाच्या कागदांत आणि अशा शब्दांत.

पानिपतचा धडा आणि असईचे गोलंदाज

नुसत्या मोठ्या तोफा म्हणजे सामर्थ्य नव्हे, हे आपल्याला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. विजापूरची ‘मुलूखमैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) महंमद रूमी याने ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. ती नंतर परांडा किल्ल्यावर होती व तेथून १६३२ साली विजापुरास नेण्यात आली. अशी तोफ पाहून आजही ऊर दडपतो. परंतु ती हलविणेच एक मोहीम होती.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या हाताखाली मराठ्यांचा मोठा तोफखाना होता. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने ती लढाई पाहून तिचा वृत्तांत लिहिला आहे. त्यात तो सांगतो की मराठ्यांच्या तोफा मोठ्या व जड असल्यामुळे त्यांचे तोंड खाली-वर करणे अवघड होते, आणि त्यांचे गोळे अफगाण फौजेच्या डोक्यावरून जाऊन पाठीमागे पडू लागले. उलट अब्दालीकडे उंटांवरील जंबुरके होती. ती हलकी असून हवी तेथे क्षणात नेता येत. येथे भाषेतील एक गंमत पाहण्यासारखी आहे. ‘गोलंदाज’ या शब्दातील ‘अंदाज’ आणि आपण अजमास या अर्थाने वापरतो तो ‘अंदाज’ हे एकाच फारसी कुळातील शब्द आहेत. फेकणे आणि मापणे यांचे नाते त्यात आहे. पानिपतावर सरबत्ती झाली, पण अंदाज चुकला. गोलंदाज शूर होते. त्यांच्या हातातील साधन मात्र जागच्या जागी खिळलेले होते.

पानिपतावरून पायाला जखम घेऊन परत आलेल्या महादजी शिंद्यांनी या गोष्टीचा विचार पुढे कित्येक वर्षे केला असावा असे त्यांच्या कृतीवरून दिसते. १७८४ साली त्यांनी द बॉयन या सेनानीस नोकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली आग्र्यास तोफा ओतविल्या. हलक्या, मापाच्या, झटपट वळविता येणाऱ्या अशा या तोफा होत्या.

त्या तोफखान्याची खरी परीक्षा महादजींच्या मृत्यूनंतर आपल्याच मराठवाड्यात झाली. आजच्या जालना जिल्ह्यात केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर जनरल वेलस्ली चालून आला. शिंद्यांच्या बाजूस सुमारे शंभर तोफा होत्या. इंग्रजांची ओळ पुढे सरकू लागताच या तोफांनी जी सरबत्ती केली, तिने इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल व गोलंदाज लोळविले आणि त्यांच्या तोफा मागेच राहिल्या. इंग्रज पायदळ संगिनी रोखून तोफांपर्यंत पोहोचले, तेव्हाही गोलंदाजांनी जागा सोडली नाही. ते आपल्या तोफांशीच कापले गेले. काही जण मेल्याचे सोंग करून गाड्यांखाली पडून राहिले, आणि इंग्रजांची ओळ पुढे निघून जाताच उठून, तोफा फिरवून, त्यांनी तिच्या पाठीवर पुन्हा मारा सुरू केला. वेलस्लीला त्या तोफा दुसऱ्यांदा जिंकून घ्याव्या लागल्या. त्याच्या सैन्यात ठार, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक माणसे कामी आली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. पण उतारवयातही आपल्या लढायांत तो असईलाच अग्रमान देत असे.

शिंदे-भोसल्यांच्या बाजूने लढाई हरली, आणि जवळजवळ सर्व तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. इंग्रजांच्या बाजूस कोणत्या पलटणीचे किती मेले याचे आकडे छापील मिळतात. तोफांच्या गाड्यांखाली पडून राहून पुन्हा उठणाऱ्या त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. ते कोणत्या गावचे, कोणत्या ज्ञातीचे, कोणत्या धर्माचे, हे त्यांच्या तोफांनी विचारले नव्हते. शिंद्यांच्या कवायती पलटणींत दक्षिणेतील व उत्तरेतील, हिंदू व मुसलमान असे सर्व प्रकारचे लोक होते. हे वाचून ‘ते आमचेच’ असे म्हणण्याचा मोह ज्याला होईल, त्याने ते सर्वांचेच होते असे म्हणावे. त्यात आपल्या ज्ञातीचा मान कमी होत नाही.

ज्यांच्यावर गोळे पडले

सरबत्तीचे वर्णन करताना आपण बहुधा बत्ती देणाराच्या बाजूस उभे असतो. दुसऱ्या बाजूसही माणसेच असतात. १७३९ साली फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चिमाजी आप्पांनी वसईस वेढा घातला. तोफांच्या मारगिरीस शेवटी सुरुंगांची जोड द्यावी लागली. सॅन सेबॅस्टियन हा बुरूज उडाला, निकराचे हल्ले झाले, आणि मग किल्ला शरण आला. मराठ्यांची हजारो माणसे त्या वेढ्यात पडली. तरीही आतल्या पोर्तुगीजांना शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू देण्यात आले. विजयाइतकीच ही गोष्टही सांगण्यासारखी आहे.

पुढे ऐंशीएक वर्षांनी पारडे फिरले. १८१८ साली कर्नल प्रॉथर याच्या सैन्याने रायगडावर उखळी तोफांतून मारगिरी केली. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होत्या. कुलपी गोळे पडून गडावर आग लागली आणि इमारती, व त्यांत जे जे काही होते ते, भस्मसात झाले. १० मे १८१८ रोजी गड पडला. ज्या गडावर १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी आनंदाच्या तोफा झाल्या, त्याच गडाचा शेवट तोफांनीच व्हावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. मारगिरी या शब्दाचा अर्थ कोशात दोन शब्दांत संपतो. रायगडावर जाऊन वाड्यांचे उघडे चौथरे पाहिले म्हणजे तो पुरता कळतो.

आनंदाची सरबत्ती

आता कुलवृत्तांताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. जुन्या काळी तोफा केवळ शत्रूवर सुटत नसत. गड जिंकल्याची बातमी आली, राजघराण्यात पुत्रजन्म झाला, राज्याभिषेक झाला, एखादा मानाचा पाहुणा वेशीशी आला, दसऱ्याची स्वारी निघाली, की तोफांची सरबत्ती होई व साखर वाटली जाई. यात गोळा नसे. केवळ दारूचा बार असे. शब्द मात्र तोच.

समजा, एखाद्या घराण्याच्या कागदात असा मजकूर सापडला की, अमुक साली अमुक गडावर तोफांची सरबत्ती झाली आणि तेव्हा आमचे मूळपुरुष तेथे हजर होते. वाचणारा लगेच घोर संग्राम डोळ्यांपुढे आणतो व मूळपुरुषास रणवीर ठरवितो. परंतु पुढच्याच ओळीत साखर वाटल्याचा, पोशाख दिल्याचा किंवा ब्राह्मणभोजनाचा उल्लेख असेल, तर ती सरबत्ती आनंदाची होती हे उघड आहे. मूळपुरुष कदाचित गडाचे कारखाननीस असतील, कदाचित दारूखान्यातील दारूचा हिशेब त्यांच्याकडे असेल. यात कमीपणा कसला? दारू कोरडी राहिली, हिशेब चोख राहिला, म्हणूनच ज्या दिवशी खरा शत्रू आला त्या दिवशी तोफ उडाली.

मोडीत लिहिलेल्या कागदात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात. त्यामुळे एक शब्द एकट्याने वाचून निर्णय करणे धोक्याचे. मागचा-पुढचा मजकूर, तिथी, कोणत्या खर्चात रक्कम घातली आहे, हे सर्व पाहावे. दारूचा खर्च मोहिमेच्या खात्यात आहे की उत्सवाच्या, एवढे पाहिले तरी पुष्कळदा उलगडा होतो.

आनंदाच्या सरबत्तीची ही परंपरा आजही खंडित झालेली नाही. संस्थानी काळात मानाच्या तोफांची संख्या ठरलेली असे. बडोदे व ग्वाल्हेर यांस २१, कोल्हापुरास १९. आता २६ जानेवारीस दिल्लीत २१ तोफांची सलामी होते. प्रत्यक्षात तोफा सातच असतात. त्या पाळीपाळीने बार करतात व राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत २१ आवाज पूर्ण होतात. पूर्वी यासाठी इंग्रजी बनावटीच्या तोफा असत. २०२३ पासून त्यांची जागा १०५ मिलिमीटरच्या भारतीय तोफांनी घेतली. क्रमाने बत्ती, खंड नाही, चूक नाही, असे सरबत्तीचे जुने व्याकरण तेथे जसेच्या तसे पाहावयास मिळते. आपल्या सैन्याच्या तोफखान्याचा स्थापनादिन २८ सप्टेंबर हा आहे. १८२७ साली त्या दिवशी मुंबई इलाख्याची डोंगरी तोफांची एक तुकडी उभी राहिली, तिच्यावरून तो पाळला जातो. नाशिकजवळ देवळालीस तोफखान्याचे विद्यालय आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात तेथे शिकून गेलेल्या गोलंदाजांनी काय केले ते सर्वांस ठाऊकच आहे.

शब्द घरात आला

तोफा किल्ल्यांवर गंजत पडल्या, पण त्यांचे शब्द बोलीत खणखणीत राहिले. जोरकस वक्त्यास आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. निवडणूक आली की ‘मोर्चेबांधणी’ सुरू होते आणि कोणाच्या तरी ‘बालेकिल्ल्याला सुरुंग’ लागतो. मुलीचे लग्न उरकावयाचे झाले की बाप ‘यंदा बार उडवून देऊ’ म्हणतो. पोकळ धमकी हा ‘फुसका बार’ ठरतो. आणि शेतकरी झाडाखाली बसून तंबाखूचा ‘बार’ भरतो. शाळेत मुलांस गोलंदाज शब्दाचा अर्थ विचारला की एकमुखाने ‘चेंडू टाकणारा’ असे उत्तर येई. तेही चूक नव्हे. गोळ्याच्या जागी चेंडू आला एवढेच. त्याच्याच धर्तीवर आपण ‘फलंदाज’ घडविला. त्याने फळी फेकावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते, तरी शब्द चालला.

मात्र एक वाक्प्रचार उच्चारताना जीभ अडखळावी. ‘तोफेच्या तोंडी देणे’ असे आपण कचेरीत कनिष्ठास पुढे करण्याविषयी हसत म्हणतो. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मुंबईच्या मैदानावर सय्यद हुसेन व मंगल गडिया या दोन शिपायांना इंग्रजांनी खरोखरच तोफेच्या तोंडी बांधून उडविले. शब्द वापरू नये असे नाही. तो कशातून आला याची जाण असावी, एवढेच.

ज्ञातिबांधवांस विनंती

रायगडावरील कागद जळाले, वाड्यांचे दप्तर वाळवीने खाल्ले. तथापि घरोघरच्या पेट्यांत अजून पुष्कळ शिल्लक असावे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो असाच माळ्यावर सापडलेल्या कागदांतून. त्यांनी पायपीट करून घरोघरचे रुमाल सोडविले आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. ते काम संपलेले नाही.

म्हणून स्मरणिकेच्या वाचकांस माझी तीन प्रकारची विनंती आहे. घरातील जुने कागद रद्दीत देण्यापूर्वी एखाद्या मोडी जाणणाऱ्यास दाखवावे, व शक्य तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. कुलवृत्तांतात कागदातील शब्द जसाच्या तसा उतरवावा. ‘सरबत्ती’ असेल तर तेथे ‘घनघोर युद्ध’ लिहू नये. आणि आपला पूर्वज बैलांचा गाडीवान होता, बेलदारांचा नाईक होता, गोळ्यांचा हिशेब ठेवणारा होता असे निघाले, तर ते लपवू नये, ठळक छापावे. घरातील वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात असे जुने शब्द अधिक टिकलेले असतात. तेही त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावेत. या कामी तरुण मुलामुलींना लावावे, म्हणजे कुलवृत्तांत त्यांचाही होईल.

सरबत्तीला एक हात पुरत नाही. ओतारी, सुतार, लोहार, बेलदार, गाडीवान, खलाशी, कारकून व गोलंदाज एवढे हात एका क्रमाने चालले तेव्हा कोठे तो आवाज झाला. आपल्या ज्ञातीचे हात त्यांत होते, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा; आणि शेजारच्या घरचेही हात त्यांत होते, हे आपल्या मुलांना त्याच दमात सांगावे.